हजार यार्डांसाठी बंदुकीच्या दारूची निवड

टार्गेट रायफलच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धांसाठी स्वतः काडतुसे भरणाऱ्या नेमबाजाला गोळी, पुंगळी (काडतुसाचे धातूचे कवच), प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची छोटी टोपी) आणि दारू या चार गोष्टी ठरवाव्या लागतात. त्यांतील गोळीचा प्रश्न माझ्यापुरता नियमांनीच बराचसा सोडवला होता. आंतरराष्ट्रीय टार्गेट रायफल प्रकारात .३०८ विंचेस्टर काडतुसासाठी गोळीचे वजन १५६ ग्रेनपेक्षा (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) कमी असावे लागते, त्यामुळे बहुतेक नेमबाज १५५ ग्रेनच्या गोळ्याच वापरतात. पुंगळ्या एकाच उत्पादकाच्या आणि एकाच खेपेतील होत्या, प्रायमरचा पुरेसा साठाही होता. रायफलला नवी ३० इंची बॅरल बसवल्यानंतर दारूची निवड मात्र पूर्वग्रह बाजूला ठेवून, पहिल्या पायरीपासून करावी असे मी ठरवले. ती निवड कशी होत गेली हे येथे सविस्तर लिहीत आहे.

दारूचे नेमके वजन मी या लेखात कोठेही दिलेले नाही, आणि ते जाणीवपूर्वक दिलेले नाही. माझ्या चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत) आणि माझ्या पुंगळीत जे वजन सुरक्षित ठरले, तेच दुसऱ्याच्या रायफलमध्ये धोकादायक दाब निर्माण करू शकते. लष्करी ७.६२ मिलिमीटर पुंगळ्यांचे कवच बहुधा जाड असते, आतली जागा कमी असते, आणि तेवढ्याच दारूने त्यांत दाब अधिक चढतो. सुरुवातीचे वजन आणि कमाल वजन हे दारू बनवणाऱ्या कंपनीच्या चालू तक्त्यातूनच घ्यावे, तेही आपल्याच गोळीसाठी, आणि खालून वर हळूहळू जावे. .३०८ विंचेस्टरसाठी युरोपीय मानकातील कमाल सरासरी दाब ४,१५० बार आहे. हा दाब हातभर अंतरावर, चेहऱ्याच्या शेजारी निर्माण होत असतो याचे भान काडतुसे भरणाऱ्याने सतत ठेवले पाहिजे.

दारूकडून मला काय हवे होते ते मी आधी कागदावर लिहून काढले. पहिली गरज वेगाची होती. १,००० यार्ड म्हणजे सुमारे ९१४ मीटर अंतरापर्यंत गोळी ध्वनीपेक्षा जास्त वेगाने पोहोचली पाहिजे. सामान्य तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,१२० फूट असतो, आणि गोळीचा वेग त्याच्या आसपास उतरू लागला की तिच्यावरील हवेचे बल बदलते, ती डगमगू लागते आणि फलकावरील पसरण अचानक वाढते. १५५ ग्रेनच्या गोळीला ही मर्यादा निर्धास्तपणे ओलांडायची असेल तर नळीच्या तोंडाशी सेकंदाला २,९०० फुटांच्या वर वेग लागतो. ३० इंची बॅरलमध्ये हा वेग मध्यम गतीने जळणाऱ्या कितीतरी दारू सहज देतात, त्यामुळे केवळ या कसोटीवर फारच थोड्या दारू बाद होतात.

त्याहून जास्त वेगाचा मोह अनेकांना पडतो, कारण गोळी जितकी वेगवान तितका तिच्यावर वाऱ्याचा परिणाम कमी. हे खरे असले तरी हिशेब मांडून पाहिला पाहिजे. ताशी दहा मैलांचा आडवा वारा या गोळीला हजार यार्डांवर साडेसात फुटांच्या आसपास बाजूला नेतो. वेग पन्नास फुटांनी वाढवला तर त्यातले जेमतेम दोन-तीन इंच वाचतात. वाऱ्याचा अंदाज ताशी अर्ध्या मैलाने चुकला तरी त्याहून अधिक नुकसान होते. त्या पन्नास फुटांसाठी दाबाच्या कमाल मर्यादेला खेटून राहायचे, उन्हाच्या दिवशी बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा) जड उचलला जाण्याची धास्ती बाळगायची आणि पुंगळ्यांचे प्रायमरचे घर लवकर सैल करून घ्यायचे, हा व्यवहार मला कधीच पटलेला नाही.

खरी गरज होती एकसारखेपणाची. नळीच्या तोंडाशी वेगात सेकंदाला दहा फुटांचा फरक पडला की हजार यार्डांवर या गोळीचा ठसा सुमारे पावणेतीन इंच वर किंवा खाली सरकतो. तोच फरक शंभर यार्डांवर इंचाच्या शंभराव्या भागांत मोजावा लागतो, म्हणजे डोळ्यांना दिसतच नाही. त्यामुळे शंभर यार्डांवर एकाच भोकात पाच गोळ्या घालणारी दारू हजार यार्डांवर उभी पसरण दाखवू शकते, आणि त्यात नेमबाजाचा काहीही दोष नसतो. एका मिनिटाचा कोन, म्हणजे अंशाचा साठावा भाग, हजार यार्डांवर साधारण साडेदहा इंचांचा होतो. पहिल्या आणि शेवटच्या फैरीत चाळीस फुटांचा फरक असेल, तर नेम, पकड आणि वारा सगळे अचूक असूनही तेवढी उंची एकट्या वेगानेच खाल्ली जाते.

एकसारखेपणाचे मला तीन वेगळे अर्थ अभिप्रेत होते. एकाच डब्यातील दारूने एकामागून एक सुटणाऱ्या फैरींचा वेग सारखा असावा, थंड सकाळी आणि तापलेल्या दुपारी तो फारसा बदलू नये, आणि पहिला डबा संपल्यावर येणाऱ्या पुढच्या लॉटनेही (कारखान्यातील उत्पादनाच्या खेपेनेही) आधीच्याशी मेळ राखावा. बहुतेक चर्चा पहिल्या अर्थापाशीच थांबते, पण माझ्या मते स्पर्धेचे निकाल दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्थावर अधिक ठरतात.

आता दारूविषयी. पॉल व्हिए या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून पहिली यशस्वी धूरविरहित दारू तयार केली आणि आल्फ्रेड नोबेलने १८८७ मध्ये त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळून बॅलिस्टाइट बनवली. आजही रायफलच्या दारूची मूळ विभागणी हीच आहे: केवळ नायट्रोसेल्युलोजची एकल-पायाची दारू आणि नायट्रोग्लिसरीन मिसळलेली द्विपायाची दारू. दुसरीत तेवढ्याच वजनात ऊर्जा अधिक असते, पण ज्वाला जास्त तप्त असल्यामुळे बॅरलच्या सुरुवातीच्या खाचा लवकर झिजतात. नवी बॅरल बसवून तिचे आयुष्य पहिल्या दिवसापासून जपायचे असेल तर ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही.

रसायनाइतकेच महत्त्व दाण्याच्या आकाराला आहे. दारूच्या दाण्याचा पृष्ठभाग जळत जातो, त्यामुळे वायू किती वेगाने तयार होईल हे त्या त्या क्षणी उरलेल्या पृष्ठभागावर ठरते. गोल दाणा जळताना लहान होत जातो आणि त्याचा पृष्ठभागही घटत जातो. मध्ये आरपार छिद्र असलेला नळीसारखा दाणा बाहेरून आक्रसतो, पण आतले छिद्र रुंदावत जाते, म्हणून त्याचा एकूण पृष्ठभाग बऱ्यापैकी स्थिर राहतो. गोल दाण्यांची ही उणीव भरून काढण्यासाठी त्यांच्यावर ज्वलन मंदावणाऱ्या रसायनाचा जाडसर लेप द्यावा लागतो. नळीसारख्या दाण्यांवरही लेप असतो, शिवाय ग्राफाइटची झिलई असते, जिच्यामुळे दाणे सहज ओघळतात आणि स्थिर विद्युत साठत नाही. ही माहिती पुस्तकी वाटली तरी निवडीत तिचा थेट उपयोग झाला, कारण पुढे तापमानाच्या चाचणीत दिसलेले फरक दाण्याचा आकार आणि लेप लक्षात घेतल्याशिवाय मला उलगडले नसते.

उमेदवार निवडताना ज्वलनगतीच्या तक्त्यांचा आधार घेतला, पण अगदी मर्यादित अर्थाने. या तक्त्यांत दारू जलद ते मंद अशा क्रमाने मांडलेल्या असतात. दोन शेजारच्या नावांत किती अंतर आहे हे त्यातून कळत नाही, आणि काडतूस बदलले की क्रमही बदलू शकतो. तक्त्यात शेजारी आहे म्हणून एका दारूचे वजन दुसरीला लावणे हा सरळसरळ अपघाताला आमंत्रण देणारा प्रकार आहे. सारख्या आकड्यांचीही तीच गोष्ट आहे. आयएमआर ४८९५ आणि एच४८९५ या दोन भिन्न दारू आहेत, त्यांचे वजनाचे तक्ते वेगळे आहेत, आणि आकडा सारखा दिसला म्हणून त्या एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत. उलट नावे अगदी वेगळी असूनही मूळ उत्पादन एकच असल्याचेही दिसते. हॉजडनच्या नावाने विकली जाणारी व्हारगेट ही ऑस्ट्रेलियात बनते आणि तेथे ती एआर२२०८ या नावाने ओळखली जाते.

तक्त्यातून आणि जुन्या नेमबाजांशी झालेल्या बोलण्यातून माझ्यासमोर पाच नावे उरली. व्हारगेट, फिनलंडची विहतावुओरी एन१४० आणि आयएमआर ४०६४ या तिन्ही नळीसारख्या दाण्यांच्या, एकल-पायाच्या दारू होत्या. चौथी द्विपायाची होती आणि पाचवी गोल दाण्यांची. शेवटच्या दोघींची नावे मी येथे घेत नाही, कारण त्यांच्याबद्दल जे प्रतिकूल लिहिणार आहे ते माझ्या एका बॅरलचे आणि माझ्याकडे असलेल्या लॉटचे निरीक्षण आहे.

पहिली चाळणी पुंगळीतल्या जागेची होती. सुरक्षित वजनाला पुंगळी जवळपास भरत असेल तर दारू आत इकडेतिकडे सरकत नाही आणि प्रायमरची ज्वाला प्रत्येक वेळी सारख्याच थराला भिडते. पुंगळी बरीच रिकामी राहत असेल तर दारू पुढे सरकली आहे की मागे यावरून वेग बदलतो. हे पाहण्यासाठी मी प्रत्येक दारूची काही काडतुसे गोळी वर धरून अलगद चेंबरमध्ये सरकवली, म्हणजे दारू प्रायमरकडे राहील, आणि तेवढीच काडतुसे गोळी खाली धरून, म्हणजे दारू पुढे जाईल. नळीसारख्या दाण्यांच्या तिन्ही दारूंत पुंगळी मानेपर्यंत भरत होती आणि दोन्ही पद्धतींत क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) लक्षात येण्याजोगा फरक नव्हता. गोल दाण्यांची दारू घट्ट बसते, तेवढेच वजन कमी जागेत मावते, आणि तिच्या बाबतीत दोन्ही पद्धतींतील सरासरी वेगांत स्पष्ट अंतर दिसले.

मापण्याच्या सोयीबाबत मात्र गोल दाणे सर्वांत सरस ठरले. फिरत्या मापयंत्रातून ते पाण्यासारखे ओघळतात आणि वजनात फरक जवळपास पडत नाही. आयएमआर ४०६४ चे लांब दाणे त्याच यंत्रात अडकतात, फिरणाऱ्या कडेखाली कचकन तुटतात, आणि प्रत्येक वेळी वजन थोडे वेगळे येते. पण लांब पल्ल्याच्या काडतुसांसाठी मी कोणतीही दारू केवळ मापावर भरत नाही. मापयंत्राने थोडी कमी टाकून उरलेली तराजूवर दाणा-दाणा पूर्ण करतो. नळीसारख्या मध्यम दाण्याचे वजन साधारण ०.०२ ग्रेन असते, म्हणजे ०.१ ग्रेनपर्यंत वाचणारा साधा तराजू चार-पाच दाण्यांचा फरक सहज लपवू शकतो. ०.०२ ग्रेन अचूकता असलेला प्रयोगशाळेच्या पद्धतीचा तराजू महाग असतो, तरी त्यात गुंतवलेला पैसा माझ्या मते भारी प्रेस किंवा डायवर खर्च केलेल्या पैशापेक्षा अधिक कारणी लागतो. एकदा तराजू चांगला असला की मापयंत्रातील ओघळण्याची सोय ही निवडीची कसोटी उरत नाही, फक्त भरायला वेळ थोडा जास्त लागतो.

पुढची पायरी होती वेगातील सातत्याची मोजणी, आणि या ठिकाणी मी सर्वाधिक वेळ घालवला. प्रचलित रीत अशी की प्रत्येक वजनाची तीन किंवा पाच काडतुसे झाडायची, क्रोनोग्राफने दिलेले प्रमाण विचलन (वेग सरासरीपासून किती विखुरले आहेत याचे माप) टिपायचे आणि सर्वांत लहान आकडा असलेले वजन निवडायचे. या रीतीवर माझा विश्वास नाही, आणि त्याचे कारण साध्या संख्याशास्त्रात आहे. पाच फैरींच्या मोजणीतून सेकंदाला १० फूट विचलन आले, तर खरे विचलन ६ पासून जवळजवळ २९ पर्यंत कोठेही असू शकते, असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. वीस फैरींतून तोच १० चा आकडा आला तर ही मर्यादा साडेसात ते साडेचौदा इतकी आवळते. म्हणजे पाच फैरींच्या दोन गटांत एकीकडे ६ आणि दुसरीकडे १२ आले, तरी पहिले वजन दुसऱ्यापेक्षा चांगले आहे असे म्हणायला काही आधार नसतो. वजन वाढवत नेताना वेगाच्या आलेखात जे सपाट टप्पे दिसतात, ज्यांना अनेक नेमबाज मोठे महत्त्व देतात, त्यांतले बरेचसे मला पुन्हा झाडल्यावर त्याच जागी सापडले नाहीत.

म्हणून मी आधी प्रत्येक दारूसाठी तक्त्यातील सुरुवातीच्या वजनापासून हळूहळू वर जात, बोल्टची हालचाल, प्रायमरचा चेहरा आणि पुंगळीच्या बुडावरील इजेक्टरची (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीची) खूण पाहत, हवा तो वेग कमाल वजनाच्या पुरेसा खाली मिळतो का एवढेच तपासले. दाबाच्या या खुणा उशिरा दिसतात आणि कधी कधी दिसतच नाहीत. त्यामुळे खूण दिसली नाही म्हणजे दाब सुरक्षित आहे असे न मानता, अपेक्षेपेक्षा जास्त वेग हीदेखील दाबाची सूचना समजून मी थांबत होतो. त्यानंतर प्रत्येक दारूचे एकेक वजन निश्चित करून, ज्याने सगळ्यांचा वेग जवळपास सारखा येईल, मोठ्या गटांची तुलना केली.

तुलनेत फैरींचा क्रम फार महत्त्वाचा असतो. एका दारूच्या वीस फैरी सलग झाडून मग दुसरीकडे वळले, तर पहिलीला थंड स्वच्छ बॅरल मिळते आणि शेवटचीला तापलेली, काजळी धरलेली. शिवाय नेमबाजाचा खांदा तोवर थकलेला असतो. मी पाचही दारूंची काडतुसे आळीपाळीने झाडली, प्रत्येक फेरीत क्रम बदलला, आणि दोन फैरींमध्ये घड्याळ लावून सारखा वेळ सोडला. काडतुसांवर नाव न लिहिता केवळ रंगाची खूण होती आणि कोणता रंग कोणत्या दारूचा हे मी वहीत उलट्या पानावर लिहून ठेवले होते. आवडत्या दारूची फैर आपण नकळत जास्त काळजीने सोडतो, असा माझा समज आहे.

या तुलनेत तीन नळीसारख्या दाण्यांच्या दारूंत मला भेद करता आला नाही. तिघींचेही विचलन सेकंदाला ८ ते १० फुटांच्या पट्ट्यात होते, आणि वर सांगितलेल्या हिशेबाने हे आकडे एकच मानावे लागतात. द्विपायाची दारूही त्यांच्या फार मागे नव्हती. गोल दाण्यांची दारू मात्र या बॅरलमध्ये स्पष्टपणे वेगळी पडली, तिचे विचलन बरेच मोठे होते. प्रायमर अधिक तीव्र ज्वालेचा घेतला तर गोल दाणे अधिक सारखे पेटतात हे मला ठाऊक आहे. परंतु या तुलनेत प्रायमर सर्वांना एकच ठेवायचा हे मी आधीच ठरवले होते, कारण एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की कोणत्या बदलाने काय झाले ते सांगता येत नाही.

भेद घडवला तो तापमानाने. यासाठी प्रत्येक दारूच्या काडतुसांचे तीन भाग केले. एक भाग बर्फाच्या पिशव्यांसह बंद पेटीत ठेवला, एक सावलीत उघडा ठेवला, आणि एक कोमट पाण्याच्या पिशव्यांसह दुसऱ्या पेटीत ठेवला. प्रत्येक पेटीत तापमापक होता. काडतुसाच्या आतील दारूचे तापमान बाहेरच्या हवेइतके व्हायला बराच वेळ लागतो, म्हणून पेट्या काही तास बंदच राहू दिल्या. दारूची वजने या चाचणीसाठी मुद्दाम कमाल मर्यादेच्या बऱ्याच खाली घेतली होती, कारण तापलेल्या काडतुसात दाब वाढणार हे उघड होते. बॅरल प्रत्येक फैरीनंतर थंड होऊ दिली आणि काडतूस चेंबरमध्ये घालताच झाडले.

थंड पेटी ५ अंश सेल्सिअसच्या आसपास होती आणि उबदार पेटी ४० च्या. या ३५ अंशांत व्हारगेटचा सरासरी वेग सेकंदाला वीस फुटांपेक्षाही कमी बदलला. एन१४० आणि आयएमआर ४०६४ त्याच्या दुपटीच्या आसपास गेल्या. गोल दाण्यांच्या दारूचा बदल सत्तर फुटांच्या पुढे गेला, म्हणजे दर अंशामागे दोन फूट. द्विपायाच्या दारूचे वागणे मला अधिक अडचणीचे वाटले: थंडीपासून सावलीपर्यंत ती जवळपास स्थिर होती आणि त्यानंतर एकदम वर गेली. अशा दारूने वसंतातल्या सकाळी सगळे जुळवून घेतले तरी भर उन्हाळ्यातील स्पर्धेत तो अनुभव उपयोगी पडत नाही.

दर अंशामागे दोन फूट हा आकडा वाचताना लहान वाटतो. सकाळच्या पहिल्या तुकडीपासून दुपारच्या शेवटच्या तुकडीपर्यंत काडतुसांचे तापमान वीस अंशांनी वाढले, तर चाळीस फूट वेग वाढतो आणि हजार यार्डांवर ठसा एका मिनिटाने वर जातो. गरम हवा विरळ असल्याने गोळीला अडथळाही कमी होतो, तोही परिणाम वरच्याच दिशेने जातो. साइटवर हे दुरुस्त करता येते, पण दुरुस्ती किती करायची हे कळायला फैरी खर्च होतात, आणि गुणांत न धरल्या जाणाऱ्या सरावाच्या फैरी स्पर्धेत दोनच मिळतात. त्याहून त्रासदायक परिस्थिती आळीपाळीच्या नेमबाजीत येते. एकाच फलकावर दोघे किंवा तिघे नेमबाज पाळीने झाडत असताना, वारा शांत होण्याची वाट पाहत काडतूस तापलेल्या चेंबरमध्ये थांबते, दारू तेथे भाजत राहते, आणि तीच एक फैर बाकीच्यांपेक्षा वर लागते. त्या वर लागलेल्या फैरीचे कारण नेमबाज आपल्या श्वासात किंवा ट्रिगरवरच्या बोटात शोधत बसतो. तापमानाला दाद न देणारी दारू असली तरी काडतूस चेंबरमध्ये रेंगाळू न देण्याची सवय सोडू नये, पण अशी दारू त्या सवयीतली चूक पोटात घालते.

एवढ्यावर व्हारगेट आघाडीवर होती, तरी कागदावरचे आकडे फलकावर खरे ठरतात का हे पाहणे बाकी होते. बॅरल झाडताना थरथरते, आणि गोळी बाहेर पडण्याच्या क्षणी तोंड वर जात असेल तर मंद गोळी किंचित उशिरा, म्हणून किंचित वरच्या कोनात सुटते. जुन्या ली-एनफिल्ड रायफली लांब पल्ल्यावर याच गुणामुळे नावाजल्या होत्या, त्यांत वेगाचा फरक काही अंतरावर आपोआप भरून निघत असे. जाड, मोकळ्या बसवलेल्या आधुनिक बॅरलमध्येही हा परिणाम थोडाफार असू शकतो, आणि तो क्रोनोग्राफवर कधीच दिसणार नाही. तेव्हा व्हारगेट आणि एन१४० या दोघींची काडतुसे हजार यार्डांवर, वारा मंद असलेल्या सकाळी, टेकू देऊन झाडली आणि फक्त उंचीतील पसरण मोजली. बाजूची पसरण वाऱ्याची असते, तिच्यावरून दारूचा न्याय करता येत नाही. दोन्ही दारूंची उभी पसरण अर्ध्या मिनिटाच्या थोडी वर राहिली आणि त्यांच्यातील फरक सांगण्याजोगा नव्हता. म्हणजे निर्णय पुन्हा तापमानाकडेच आला, आणि मी व्हारगेट घेतली.

बॅरल साफ करतानाचा अनुभवही थोडक्यात नोंदवतो. काही नव्या दारूंत नळीत साचणारे तांबे कमी करण्यासाठी घटक मिसळलेले असतात आणि त्यांची जाहिरात जोरात होते. स्पर्धेच्या एका दिवसात झाडल्या जाणाऱ्या फैरींनंतर, चांगल्या घासलेल्या टार्गेट बॅरलमध्ये तांब्याचा त्रास मला फारसा जाणवला नाही. चेंबरच्या पुढे साचणाऱ्या कडक काजळीकडे मात्र लक्ष द्यावे लागते, आणि ती या पाचही दारूंनी कमीअधिक प्रमाणात सोडली.

लॉटचा विचार निवडीनंतर सुरू होतो, पण त्याशिवाय निवड अपुरी राहते. त्याच नावाची दारू प्रत्येक खेपेस तंतोतंत त्याच गतीने जळत नाही. किरकोळ विक्रीच्या दारूचा वेग ठरावीक मर्यादेत राहावा म्हणून उत्पादक खेपा एकमेकींत मिसळतात, तरी हजार यार्डांच्या दृष्टीने उरलेला फरक मोठाच असतो. म्हणून दारू ठरल्यानंतर, कायद्याने साठवणुकीची जी मर्यादा घालून दिली आहे तिच्या आत राहून, शक्य तेवढे डबे एकाच लॉटचे घेतले. डब्यावरचा लॉट क्रमांक काडतुसांच्या प्रत्येक पेटीवर लिहितो. दारू मूळ डब्यातच, थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवतो, आणि भरण्याच्या टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा असतो. काम संपताच मापयंत्रात उरलेली दारू त्याच डब्यात परत जाते. दारू हवेतील ओलावा घेते आणि सोडतेही. कोरड्या खोलीत उघडी राहिलेली दारू ओलावा गमावून अधिक झपाट्याने जळते, त्यामुळे मापयंत्रात रात्रभर राहिलेल्या दारूवर दुसऱ्या दिवशीची स्पर्धा अवलंबून ठेवणे योग्य नाही. डबा उघडताना आंबट, झोंबणारा वास आला किंवा लालसर तपकिरी भुकटी दिसली, तर दारूतील स्थैर्य राखणारे रसायन संपून तिचे विघटन सुरू झाले आहे असे समजून ती नियमांप्रमाणे नष्ट करावी, तिचा एक दाणाही वापरू नये.

पहिल्या लॉटचा शेवटचा डबा उघडण्यापूर्वीच नव्या लॉटची तयारी सुरू केली. नव्या डब्यातील दारू आधी कमी वजनाला भरून, जुन्या लॉटच्या काडतुसांबरोबर आळीपाळीने झाडली आणि सरासरी वेग जुळेपर्यंत वजन थोडे थोडे बदलत गेलो. जुळलेले वजन जुन्या वजनापेक्षा ०.२ ग्रेनने वेगळे निघाले. हा फरक लहान असला तरी तो न तपासता थेट जुन्या वजनावर गेलो असतो तर हजार यार्डांवरचे साइटचे सगळे आकडे हलले असते. सध्या सरावासाठी नव्या लॉटची काडतुसे वापरतो, जुन्या लॉटची उरलेली स्पर्धांसाठी राखून ठेवली आहेत, आणि नव्या लॉटची तापमान चाचणी थंडीत आणि उन्हाळ्यात पूर्ण झाल्याशिवाय ती काडतुसे स्पर्धेला नेणार नाही.